पोलिसांत गेलं तर शाळेत पोराचं नाव खराब होईल का?

"पोलिसात गेलो तं पोराचं नावच खराब होईन, मॅडम. शाळा म्हणन, दाखला घेऊन जा. अन् ते पोट्टे त्याले अजून तरास देतीन."

जात, धर्म किंवा आडनाव यावरून शाळेत मुलाला छळलं जातंय, हे सांगायला माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पालकाच्या तोंडी हे वाक्य असतं. नागपुरात इंदोऱ्यातल्या आईकडून ऐकलंय, मोमिनपुऱ्यातल्या अब्बांकडूनही. मार्च 2025 मध्ये महाल-हंसापुरी भागात हिंसाचार झाला आणि शहरातल्या कितीतरी ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्यानंतरचे काही महिने तर हीच भीती रोज कानावर येत होती. शाळेच्या ऑटोत कोण कोणाशेजारी बसणार, इथपासून सुरुवात व्हायची.

ही भीती निराधार नाही. पण पोलीस म्हणजे लॉकअप, लॉकअप म्हणजे केस आणि केस म्हणजे आयुष्याची माती, असं जे समीकरण आपल्या डोक्यात बसलंय, ते अठरा वर्षांखालच्या मुलांना लागूच होत नाही. हे पालकांना माहीत नसतं, मुख्याध्यापकांना नसतं आणि कधीकधी ठाण्यातल्या अंमलदारालाही नसतं. म्हणून एक हकिगत सांगते. ती एका घराची नाही. दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्र केल्या आहेत, नावं-खुणा बदलल्या आहेत.

सुजात आठवीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, प्रवेश आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत जागांच्या, 25 टक्क्यांतून. वडील रेल्वेत, आई घरीच शिवणकाम करते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर वडिलांच्या सहकाऱ्यांचा पाणीवाटपाचा स्टॉल असतो. सुजातने तिथे पाणी वाटलं, आईने फोटो स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या फोटोचं व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर झालं होतं. खाली एक ओळ. ती इथे लिहीत नाही. वर्गाच्या ग्रुपवर दिवसभर तेच स्टिकर फिरलं.

मग बाकावर कर्कटकाने कोरलेला एक शब्द आला. मग एक खेळ सुरू झाला. सुजातचा हात, दप्तर, बाटली कशालाही स्पर्श झाला की तो लगेच दुसऱ्याला शिवून 'उतरवायचा', दुसऱ्याने तिसऱ्याला. मधल्या सुट्टीत पोरं किंचाळत पळायची. लांबून पाहिलं तर वाटावं, आंधळी कोशिंबीरच चाललीय.

आई वर्गशिक्षिकेला भेटली. "मुलं आहेत, मस्ती करतात," हे उत्तर मिळालं. शाळेने तत्परतेने एक गोष्ट मात्र केली. सुतार बोलावून बाक घासून, रंगवून घेतला. म्हणजे पुरावाही गेला आणि कोणी कोरलं हा प्रश्नही.

सुजात माझ्यासमोर बसला तेव्हा त्याला काही सांगायचं नव्हतं. शर्टाच्या बाहीचं बटण लावायचं, काढायचं, एवढंच चाललं होतं. असा मुलगा समोर असला की बहुतेक मोठी माणसं विचारतात, "कोण त्रास देतं, नावं सांग." मुलगा नावं सांगत नाही, कारण नाव सांगणं म्हणजे चुगली, आणि चुगलीची किंमत त्याला आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

मी विचारलं, "स्टिकर आलं त्या दिवशी वर्गात कोण कोण हसलं?"

"सगळे."

"सगळे म्हणजे अख्खा वर्ग? शेवटच्या बाकावरचा पण?"

तो विचार करू लागला. बोटांवर मोजू लागला. पहिली रांग, दुसरी रांग. मग थांबला.

"एक मुलगी नव्हती हसली. ती ग्रुपमधून लेफ्ट झाली."

"तू तिला काही बोललास?"

"नाही. तिला वाटलं असेल मला माहीत नाही."

"आणि खेळात? बाटली कोणीच धरली नाही?"

बराच वेळ गेला. "वेदांतने एकदा माझ्याच बाटलीतून पाणी पिलं. सगळ्यांसमोर. मग त्यालाही 'उतरवायला' लागले, तर तो म्हणाला, उतरवा, मले काय."

हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. बटणाशी चाललेला चाळा थांबला. माझ्या कामात मी ज्याची वाट पाहते, ते हेच. छळलेल्या मुलाच्या डोक्यात 'सगळे' नावाची एक भिंत उभी असते. सांत्वन करून ती पडत नाही, 'तू स्ट्राँग आहेस' म्हणून तर नाहीच नाही. तिच्यातली एक खरी वीट, नावासकट, मुलाने स्वतः काढावी लागते. सुजातने दोन काढल्या.

त्याच बसण्यात दुसरी गोष्टही हाती लागली. त्या वर्गातला द्वेष एका पार्थवर चालत नव्हता. पार्थने स्टिकर बनवलं खरं, पण त्याला रोज जिवंत ठेवत होतं ते बाकीच्यांचं हसणं. पोलिसांना शाळेत आणायचं ते पार्थला घाबरवायला नाही, ते हसणं थांबवायला, हे मला तिथे लख्ख दिसलं. नंतर ज्या ज्या शाळेत हे नीट केलं, तिथे तिथे ते उपयोगी पडलंय, एवढं म्हणायला हरकत नाही.

आता आईच्या तीन भीतींकडे येऊ.

पहिली दाखल्याची. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 16: प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही. तक्रार केली म्हणून तर नाहीच. कलम 8 नुसार दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलाशी भेदभाव होऊ न देणं ही सरकारची जबाबदारी आहे. सुजातच्या आईची खरी धास्ती नववीची होती, कारण आरटीईची मोफत जागा आठवीनंतर संपते. ती धास्ती वेगळी आणि खरीही. पण तिच्यापायी आठवीत तोंड बंद ठेवण्याचं कारण नाही.

दुसरी भीती, पोराला ठाण्यात बोलावतील ही. पंधरा वर्षांखालच्या मुलाला साक्षीसाठी त्याच्या घराबाहेर कुठेही बोलावता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 मध्ये ते स्पष्ट आहे. मुलांशी बोलताना पोलिसांनी साध्या कपड्यांत असावं, हा बाल न्यायाच्या नियमांतला दंडक. बाल न्याय कायदा 2015, कलम 107 प्रमाणे प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, हुद्दा किमान सहायक उपनिरीक्षक. त्याचं नाव आणि नंबर ठाण्यात दर्शनी भागात लावलेला असायला हवा. ठाण्यात गेल्यावर टेबलावर बसलेल्या अंमलदाराला सगळी कथा सांगत बसू नका. "बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना भेटायचंय," एवढंच म्हणा. ते नसतील तर ठाणेदारांकडे जा. या एका वाक्याने अर्धी लढाई सोपी होते, कारण समोरच्याला कळतं की तुम्हाला माहीत आहे.

तिसरी भीती, गोष्ट वाढण्याची. ही दोन्ही बाजूंना असते, तिच्याकडे पुढे येतेच.

तक्रार लिहिताना सगळ्यात जास्त कुठे चुकतं, ते सांगते. आईने पहिला अर्ज असा लिहिला होता: 'माझ्या मुलास जातिवाचक शिवीगाळ करून मानसिक त्रास देण्यात येत आहे.' असा अर्ज गेला की फार तर एनसी (अदखलपात्र नोंद) होते आणि फाइलला लागते. अर्जात तारीख हवी, तास हवा (तिसरा तास, पीटी, मधली सुट्टी), जागा हवी, आणि वापरलेला शब्द जसाच्या तसा अवतरण चिन्हांत हवा, कितीही घाण असला तरी. तिथे कोण कोण होतं, तेही हवं. मुलाकडून हे एका बैठकीत वदवून घेऊ नका. साध्या वहीत रोज दोन ओळी लिहायला सांगा, आठवड्याभरात चित्र स्वच्छ होतं.

स्टिकरचं म्हणाल तर फोनमधून काही पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसेल असा घ्या आणि मूळ फोन तसाच ठेवा. ग्रुपवर मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू असेल तर लगेच चॅट एक्स्पोर्ट करा. आणि कृपा करून ते नातेवाइकांना "बघा काय पाठवलंय" म्हणून फॉरवर्ड करू नका. ज्या मुलाला वाचवायचं, त्याचाच तो फोटो आहे. बाकावर कोरलेलं असेल तर शाळेने पुसायच्या आत दोन फोटो: एक जवळून, एक वर्ग ओळखू येईल असा लांबून.

अर्ज आधी मुख्याध्यापकांना, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायचीच. तोंडी बोलणं कितीही गोड झालं तरी शिक्क्याशिवाय ते झालंच नाही असं धरा. तीन दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर तीच प्रत जोडून ठाण्यात. मारहाण, धमकी किंवा शिक्षकाचाच सहभाग असेल तर तीन दिवस थांबायचं कारण नाही. शिक्षक प्रौढ आहे, त्याच्यासाठी बाल न्यायाची सवलत नाही.

इथे एक तिढा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. भारतीय कायद्यात 'द्वेषातून केलेला गुन्हा' असा स्वतंत्र गुन्हाच नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. धर्मावरून वैर पसरवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 196, धार्मिक भावना दुखावण्यासाठी 299 आणि 302. अ‍ॅट्रॉसिटीत एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे 2018 च्या दुरुस्तीने, कलम 18-अ ने, स्पष्ट केलंय. पण करणारा मुलगा अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि कोणी मोठा सामील नसेल तर बाल न्यायाच्या नियमांत साधारण वाट अशी: स्टेशन डायरीत नोंद आणि मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल. कोणती वाट धरायची हे समुपदेशकाने ठरवायचं नाही, पोलिसांनी "मिटवून टाका" म्हणून तर नाहीच नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (हेल्पलाइन 15100) महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना वकील मोफत मिळतो. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन 14566. तिथे विचारून मग ठरवा. सुजातच्या आईवडिलांनी विचारलं, आणि डायरीतल्या नोंदीची वाट स्वतः निवडली.

ठाण्यातून आलेल्या महिला अधिकारी सलवार-कुर्त्यात आल्या, गाडी गेटबाहेर लांब ठेवून. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी मैदानावर भाषण ठोकलं नाही. हे मुद्दाम सांगतेय. पोलिसांचा नेहमीचा शाळाभेटीचा कार्यक्रम म्हणजे चाळीस मिनिटांत वाहतूक, सायबर, ड्रग्ज, गुड टच-बॅड टच आणि शेवटी 'सर्वांनी गुण्यागोविंदाने राहा.' मुलं टाळ्या वाजवतात आणि मधल्या सुट्टीत खेळ पुन्हा सुरू. बाईंनी आठवीच्या तिन्ही तुकड्या वेगवेगळ्या घेतल्या, प्रत्येकी अर्धा तास. सुजातचं नाव नाही, स्टिकर दाखवणं नाही. फळ्यावर एक आकडा लिहिला: 17.

"हे संविधानाचं कलम आहे. शिवून 'उतरवायचा' खेळ या देशात 1950 पासून बंद आहे. कोण खेळतं ते मला सांगू नका. हे मला कळलंय, एवढंच तुम्हाला कळू द्या."

वर्ग गार. मग त्यांनी हसणाऱ्यांचा विषय काढला. ग्रुपवर असं काही आलं तर तीन गोष्टी करता येतात, त्यातली एक तरी करा: उत्तर न देता ग्रुप सोडा, पुढे पाठवू नका, मोठ्या माणसाला सांगा. सांगायला तक्रारपेटी आहे, 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. आणि ज्याला त्रास होतोय त्याच्या शेजारी जाऊन डबा खा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

त्या दिवशी बाई मधल्या सुट्टीभर मैदानाच्या कडेला उभ्या होत्या, नुसत्या. पोलिसाने शाळेत जिथे असायला हवं ती जागा तीच आहे, व्यासपीठ नाही. सुट्टी संपताना दोन मुलं आपणहून त्यांच्याकडे गेली. त्यातला एक वेदांत होता.

असल्या वेळी पोलीस काय बिघडवू शकतात, तेही लिहून ठेवते, म्हणजे मुख्याध्यापकांना आधीच बोलता येईल. दोन्ही मुलांना स्टाफरूममध्ये उभं करून 'हात मिळवा' म्हणणं आणि त्याचा फोटो काढणं. सर्वांसमोर उठाबशा. त्रास झालेल्या मुलाला 'तू पण काहीतरी बोलला असशील' असं विचारणं. फोटो काढून सोशल मीडियावर 'समेट घडवला' म्हणून टाकणं, ज्यात बाल न्याय कायद्याच्या कलम 74 चा भंग होऊ शकतो. पालकांनीही मुलाचं नाव, फोटो फेसबुकवर टाकायचा नाही, राग कितीही रास्त असला तरी. कार्यकर्त्यांची मदत घ्यायला ना नाही. या शहरात कितीतरी तक्रारी त्यांच्यामुळेच नोंदल्या गेल्या आहेत. मोर्चा आधी आणि अर्ज नंतर, असं मात्र नको.

पार्थ माझ्याकडे आला त्याच्या वडिलांबरोबर, अधिकारी बाईंच्या सांगण्यावरून.

"स्टिकर काहून बनवलं?"

"सगळे हसतात म्हणून." मग थोड्या वेळाने, खाली बघत, "तो फुकट शिकतो. माझे बाबा लोन काढून फी भरतात."

वडिलांनी मान वळवून पोराकडे पाहिलं. हे त्यांच्या घरातलंच वाक्य होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी एवढंच सांगितलं की आरटीईच्या जागेचे पैसे सरकारने शाळेला द्यायचे असतात, ते तुझ्या फीमधून जात नाहीत. ते पैसे शाळांना उशिरा मिळतात ही तक्रार खरी आहे, पण ती शाळेची सरकारशी. सुजातशी तिचा काही संबंध नाही.

मग वडिलांचा प्रश्न आला, जो येणारच होता. "मॅडम, रेकॉर्ड राहील का? पुढे भरती, पासपोर्ट?"

इथे बरेच पोलीस आणि शिक्षक धाक घालतात: करिअर बरबाद होईल. त्याचा परिणाम ठरलेला. बाप त्याच संध्याकाळी वकील गाठतो, पोरगा सगळं नाकारतो, आणि नाकारायला शिकतो. खरं सांगितलेलं बरं. कलम 74 प्रमाणे निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य दाखल्यासाठी पोलीस देऊ शकत नाहीत. कलम 24 प्रमाणे बाल न्यायाखाली हाताळल्या गेलेल्या मुलाला त्यामुळे अपात्रता चिकटत नाही. सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालला तर वेगळं. पार्थ तेराचा. हे ऐकल्यावर वडील खुर्चीत मागे टेकले आणि पार्थने स्वतःहून सांगितलं, बाकावर कोणी कोरलं ते. तोवर कोणी विचारलंही नव्हतं.

अधिकाऱ्यांनी प्रती घेतल्यानंतरच मुलांनी आपापल्या फोनमधली स्टिकरं काढली. फेव्हरिटमध्ये साठवलेली राहून जातात, तीही. पार्थने माफीचं पत्र लिहिलं, ते माझ्याकडे आहे. सुजातने अजून मागितलेलं नाही, आणि मी त्याला विचारणार नाही.

अशा प्रकरणात वर्गमित्रांचं समुपदेशनही हवं, हे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय. ऑगस्ट 2023 मध्ये मुजफ्फरनगर जिल्ह्यात शिक्षिकेने वर्गातल्या मुलांकरवी एका मुस्लिम विद्यार्थ्याला थपडा मारायला लावल्या. पोलिसांनी गुन्हा नोंदवताना केलेली ढिलाई न्यायालयाने सुनावली, तपास वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्याकडे द्यायला लावला, आणि ज्याला मारलं त्याचं तर समुपदेशन कराच, मारणाऱ्या मुलांचंही करा, असा आदेश दिला. ठाण्यात कोणी "शाळेच्या भानगडीत आम्ही कशाला" म्हणालं तर हे प्रकरण दाखवा. तरीही अर्ज घेतला नाही तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे लेखी, स्पीड पोस्टाने. घरातलं वातावरणच बिघडलं असेल तर नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये महिला आणि मुलांसाठी समुपदेशनाची सोय आहे.

मुख्याध्यापकांना सांगणं एवढंच की तंटा होण्याआधी फोन करा. रामनवमी, 14 एप्रिल, ईद, दसऱ्याचा आठवडा, भारत-पाकिस्तान सामना, हे दिवस कॅलेंडरमध्ये आधीच असतात. त्याच्या दोन दिवस आधी बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला शाळा सुटायच्या वेळी गेटवर यायला सांगितलं तर बहुतेक वेळा पुढचं काही घडतच नाही.

सुजात त्याच शाळेत नववीत गेला. फी अर्धी माफ करण्याचा अर्ज संस्थेकडे पडून आहे, निर्णय नाही. वेदांत त्याच्या बाकावर बसतो. त्या अधिकारी बाईंची मात्र बदली झाली, आणि शाळेच्या नोटीस बोर्डावर त्यांचाच जुना नंबर लटकत होता. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्या आठवड्यात पालकसभेत नवीन अधिकाऱ्याचं नाव विचारून घ्या, नंबर लावून तपासा, आणि जुन्या डायरी नोंदीचा क्रमांक व तारीख लिहून एक साधं पत्र त्यांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.